डावा हात वर करा

आमच्या वहिनीचे जगात कुणाशीही मतभेद नाहीत. असतील कसे? ती मत मांडते तेव्हा समोरच्याच्या तोंडात तिचे दोन हात, एक आरसा आणि लाळ ओढणारी नळी असते. माणूस फार तर ‘आँ’ म्हणतो, आणि ‘आँ’ म्हणजे होकार, अशी तिची पंचवीस वर्षांची पक्की समजूत आहे.

वहिनी दातांची डॉक्टर. मतं दातांबद्दल असती तर मी हा कागद काळा केला नसता. तिची मतं असतात व्हिडिओ गेमबद्दल. त्यातही जे गेम ती खेळली आहे त्यांच्याबद्दल फारसं काही नाही, ते संपले की ती त्यांना विसरते. तिला चेव येतो तो अजून न आलेल्या गेमबद्दल. कंपन्या जाहीर करतात की अमुक गेम पुढच्या वर्षी येणार, आणि नमुना म्हणून दोन-तीन मिनिटांचं काहीतरी दाखवतात. त्याला ट्रेलर म्हणतात हे मला पूर्वी माहीत नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

खुर्चीत आडवं पडलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल असा एक टीव्ही तिने दवाखान्याच्या छताला बसवून घेतलाय. लहान मुलांना कार्टून दाखवायला, असं ती सांगते. प्रत्यक्षात मूल आलं तर त्यालाही ड्रॅगनच बघावा लागतो. सुई टोचल्यावर भूल चढायला आठ-दहा मिनिटं लागतात. बाकीचे डॉक्टर त्या वेळात फोन करतात, चहा घेतात. वहिनी स्टूल ओढून पेशंटच्या उशाशी बसते, रिमोट उचलते आणि म्हणते, “हा बघा, आजच जाहीर झालाय.”

मग सुरू. “हा युद्धाचा. चौथा भाग. माणूस तोच, दाढी तीच, फक्त घाम जास्त खरा केलाय. घाम खरा करायला तीन वर्षं लागली यांना!” किंवा, “हा ड्रॅगन बघा. वरचे दात खालच्यांवर बसतच नाहीत. हा चावणार कसा? हा मला काय खाणार, हाच उपाशी मरेल.” राक्षस कितीही डोक्यांचा असो, ती आधी त्याचा जबडा बघते. शेतीचा गेम आला तर म्हणते, “चार सेकंदांत पीक आणि शेजारीण गोड बोलणारी. त्यापेक्षा ड्रॅगन खरा वाटतो.” एकदा एका ट्रेलरमध्ये नुसते ढग होते आणि एक बाई रडत होती. वहिनीने तो तीन पेशंटना दाखवला आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला, “यात खेळायचं काय? रडायचं बटण आहे का?” तिघंही म्हणाले, “आँ.”

मी तिची नणंद. तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, जहाजावर इंजिनियर आहे. वर्षातले आठ महिने पाण्यावर. बायकोला करमावं म्हणून पहिलं गेमचं यंत्र त्यानेच कुठल्याशा बंदरातून आणलं. तिला इतकं करमलं, की आता तो सुट्टीवर आला की टीव्हीसमोर मधे मधे येतो म्हणून तिची चिडचिड होते. मी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या गावी बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत काढली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन इथे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या बाहेरच्या टेबलाशी जाऊन बसले, कारण रिकामं बसलं की माझा स्वभाव आणखी बिघडतो. पूर्वी लोक विचारायचे, गाडी कधी सुटणार. आता विचारतात, दाढ कधी काढणार. मी दोन्हीला एकाच आवाजात उत्तर देते.

दवाखाना तळमजल्यावर आणि घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दुसऱ्या जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच आहे. बांधणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार आणि ती सगळी चूक त्याने एका पायरीत उरकून टाकली. दोन वर्षांत मी तिथे ठेचकाळले नाही असा आठवडा गेलेला नाही. वहिनी नेहमी पुढे असते. तिचा पाय तिथे आपोआप उंच पडतो. मागून माझं “आई गं!” ऐकू आलं की वळूनही न बघता म्हणते, “वन्सं, अजून?”

बाबा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला तीन वर्षं झाली. शेवटची चार वर्षं गुडघे आणि दमा यांनी त्यांना धरून ठेवलं होतं. तरी संध्याकाळी खाली उतरून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. दादा समुद्रावर, मी खिडकीत. वहिनी हातातला पेशंट संपवून वर जायची, त्यांना धरून तीन जिने उतरवायची, आणि दवाखाना बंद झाला की परत वर न्यायची. हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. बाबा फोनवर म्हणायचे, “झकास चाललंय,” आणि मला झकासच ऐकायचं होतं. वहिनी त्याबद्दल आजवर एक अक्षर बोललेली नाही. गेमबद्दल विचारा, दोन तास बोलेल. मला वाटायचं, बाई मनाने जरा दगडच आहे. दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो, तेवढ्यात ही वर जाऊन शे-दीडशे माणसं मारून खाली येते, आणि मग शांतपणे कुणाची तरी कवळी घासते.

तर वर्षातून दोनदा असा एक आठवडा येतो की सगळ्या कंपन्या एकदम घोषणा करतात. त्या आठवड्यात वहिनीला आवरणं देवालाही जमणार नाही. अशाच एका आठवड्यात, बुधवारी सकाळी, फरशीवाला आला.

गालात लिंबू धरल्यासारखा चेहरा सुजलेला. वय चाळिशीच्या आसपास, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला अडकवलेली मोजायची टेप. मी कागद पुढे केला. व्यवसाय या रकान्यात त्याने लिहिलं, ‘फरशीच्या दुकानात मापं घेतो’. त्यापुढे स्वल्पविराम देऊन आणखी काहीतरी लिहिलं, थांबला, आणि ते खोडून टाकलं. मी चौकशी खिडकीतली बाई, खोडलेलं मला आधी दिसतं, पण रांग होती म्हणून सोडून दिलं.

दाढेचं रूट कॅनल करायचं ठरलं. दोन खेपा लागणार होत्या. वहिनीने त्याला आडवं केलं, गळ्याशी निळा कागद बांधला आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, “तोंड उघडं राहणार, बोलता येणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबते.”

दार अर्धं उघडं होतं. मला टेबलावरून खुर्ची, त्याचे पाय आणि छतावरचा टीव्ही एवढं दिसत होतं. भूल चढेपर्यंत युद्धाचा चौथा भाग झाला, ड्रॅगन झाला. मग तिने त्याच्या तोंडावर रबराचा पडदा ताणला, ड्रिल हातात घेतलं आणि टीव्ही तसाच चालू ठेवला. तिचे हात कामात असले तरी जीभ मोकळी असते.

पुढच्या ट्रेलरमध्ये एक जिना होता. एक म्हातारा, आणि त्याचा हात धरलेला एक हात. हात कुणाचा ते दिसत नव्हतं, कारण तो खेळणाऱ्याचा.

“नाव काय, तर ‘सावकाश’,” वहिनी म्हणाली. “निदान प्रामाणिक आहे. बघा, दीड मिनिट झालं, आजोबा अजून जिन्यावरच. हा गेम आहे की आमची बाहेरची रांग?”

डावा हात वर झाला.

“दुखलं? थांबा हं.” ड्रिल थांबलं. आणखी थोडी भूल दिली. “आता नाही दुखणार. तर यात काय करायचं म्हणे, एक बटण सतत दाबून धरायचं. आजोबांचा हात सुटू नये म्हणून. सोडलं की आजोबा जागच्या जागी उभे. शत्रू नाही, बंदूक नाही, एक साधं भूतसुद्धा नाही हो!”

हात पुन्हा वर.

“अजून? तुमची नस भलतीच हट्टी दिसते.” आणखी भूल. “आणि हे बघा. मधेच थांबून खिडकीतल्या कुंडीकडे बघत बसलेत. कुंडीत फूल नाही, पान नाही. कशाला थांबलेत? बनवणाऱ्याचा पुढचा जिना तयार व्हायचा असणार.” ती स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसली. “आणि पायऱ्या बघा पायऱ्या! ही नववी. एक एवढी, एक तेवढी. ज्याने हे बनवलंय त्याला घरात साधी फूटपट्टी मिळू नये?”

या वेळी दोन्ही हात वर झाले. पायसुद्धा थोडे उचलले गेले. वहिनी मला म्हणाली, “वन्सं, आणखी एक सुई काढून ठेवा. असा पेशंट मी आयुष्यात पाहिला नाही.”

तासाभराने तो बाहेर आला. दाढ आतून साफ करून वर तात्पुरतं सिमेंट भरलं होतं. तोंडाची एक बाजू पार लोंबत होती. मी त्याला पुढच्या गुरुवारचं कार्ड लिहून दिलं. तो काहीतरी सांगू लागला. “ओ... एए... ई...” एवढंच आलं आणि थोडी लाळ आली. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं, कार्ड उलटं करून दोन ओळी लिहिल्या, कार्ड माझ्याच टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. मी वाचलं. ‘तो गेम मी बनवला आहे. एकट्याने. सहा वर्षं लागली.’

मी ते आत नेऊन वहिनीसमोर धरलं. तिचे हात साबणाने भरलेले होते. तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

“तीन जास्तीच्या सुया,” मी म्हटलं.

“मला वाटलं दाढ दुखतेय हो त्याची,” ती म्हणाली. नळ वाहतच होता. शेवटी मीच बंद केला.

त्या दिवशी टीव्ही लागला नाही. कवळीचं माप द्यायला आलेल्या आजी छताकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आज काही जाहीर नाही झालं का?” वहिनी म्हणाली, “तोंड उघडा.” आजींना चुकल्यासारखं झालं.

गुरुवार आला, फरशीवाला आला नाही. मी फोन केला, उचलला नाही. शुक्रवारी सकाळी वहिनीने तिचा फोन माझ्यापुढे सरकवला. ‘सावकाश’च्या पानावर ट्रेलर नव्हता. एक ओळ होती, की हा गेम मागे घेण्यात आला आहे.

“मी मारला तो,” ती म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं. ज्या बाईने आदल्या दुपारी आख्खी छावणी कापून काढली, ती एका गेमसाठी तोंड पाडून बसली होती. पण तिचा चेहरा बघून मला हसता येईना. मी म्हटलं, “त्यात काय एवढं? निरोप पाठव, की नीट बघितला आणि फार आवडला.”

“आवडला नाही ना पण! कसं पाठवू? किडलेल्या दाढेला मी चांगली म्हणते का?” मग आवाज खाली आला. “आणि ती दाढ अर्धी आहे, वन्सं. वरचं सिमेंट दहा-बारा दिवस टिकतं. ते निघालं की आत घाण जाणार, मग उपटण्याशिवाय इलाज नाही. त्याची दाढही जाईल आणि सहा वर्षांचं कामही. दोन्ही माझ्या हातून.”

दहा-बारातले नऊ दिवस झालेच होते. मी पर्स उचलली.

फरशीचं दुकान लांब होतं, दोन बस बदलून. भिंतीला टेकून फरश्यांचे नमुने उभे होते आणि तो एका गिऱ्हाइकाला कानाकोपरा कसा मोजायचा ते समजावत होता. बोलताना एकाच बाजूने बोलत होता. मला पाहिल्यावर त्याचा हात आपोआप गालावर गेला.

“दाढ अर्धी आहे तुमची,” मी म्हटलं.

“राहू दे. तीही वाचवण्यासारखी नसेल.” मग गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, “डॉक्टर चुकीचं काही बोलल्या नाहीत हो. मी सहा वर्षं कुणाला दाखवलाच नव्हता. पहिलं मत ऐकलं तेच आडवं पडून.”

“दुसऱ्या कुणी बघितला नाही?”

“सतरा जणांनी बघितला होता. त्यात आठ-नऊ वेळा मीच.” तो जरासा हसला आणि दाढेने त्याला गप्प केलं. “त्यांनी खेळून पाहिलाय का?”

“छे! जे खेळता येत नाही त्याच्यावरच तिची मतं असतात. खेळून झालं की मत संपतं.”

तो टेप उघडून मिटत बसला. मग एकदम म्हणाला, “मला एकच गोष्ट लागली. संथ म्हणा, कंटाळवाणा म्हणा. पण फूटपट्टी? मॅडम, मी पोटासाठी मापं घेतो. त्यातली एकेक पायरी या टेपने मोजलेली आहे. आमच्या वडिलांच्या घरातला जिना आहे तो. नववी पायरी खरोखरच उंच होती. मी त्यांना तिथून रोज उतरवायचो, मला माहीत नसणार?”

माझ्या उजव्या पायाचा अंगठा चपलेतल्या चपलेत ठणकला. वहिनी त्या ट्रेलरमध्ये पायऱ्यांना हसली होती. वहिनी! जिचा पाय रोज सातव्या पायरीला चार बोटं उंच उचलला जातो आणि तिला पत्ता नसतो.

“उद्या सकाळी दहाला या,” मी म्हटलं. “येताना तो गेम घेऊन या. भूल चढेपर्यंत दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात ती खेळेल. तुम्हाला बोलता येणार नाही, आणि तिला मी बोलू देणार नाही.”

“त्यांना गोड बोलायला सांगू नका मात्र.”

“सांगून जमणाऱ्यातली नाही ती.”

घरी येऊन मी वहिनीला एवढंच सांगितलं की तो येतोय. जिन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अठ्ठावीस वर्षं लोकांना सगळं सांगत बसले, एखादी गोष्ट पोटात ठेवायची चैन मलाही हवी होती.

शनिवारी दहाला तो आला, बगलेत लॅपटॉप. वहिनीने सिमेंट तपासलं, ते अजून शाबूत होतं. तिचा जीव भांड्यात पडलेला मला बाहेरून दिसला. तिने सुई दिली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहुधा माफी मागायलाच. पण वहिनीने तोंड उघडलं की पुढे काय निघेल याचा भरवसा नाही. मी आत गेले.

“ऊठ तू स्टुलावरून,” मी म्हटलं. “आणि तुम्ही खुर्चीतून उठा.”

लॅपटॉप टीव्हीला जोडला, पण टीव्ही छताला. खेळायचं तर आडवं पडायला हवं. पंचवीस वर्षांत वहिनी त्या खुर्चीत एकदाही पडली नव्हती. ती आडवी झाली, पावलं खुर्चीबाहेर लोंबली, हातात त्याने गेमचं कंट्रोलर दिलं, मी गळ्याशी निळा कागद बांधला. फरशीवाला तिच्या उशाशी स्टुलावर बसला, एक गाल सुजलेला, दुसरा घाबरलेला. मी कापसाच्या दोन गुंडाळ्या काढल्या. एक त्याला दिली आणि एक वहिनीच्या दातांत कोंबली.

“अं!” वहिनी म्हणाली.

“होकार समजते,” मी म्हटलं. “दुखलं तर डावा हात वर करा.”

जिना सुरू झाला. तिने डाव्या तर्जनीखालचं बटण दाबून धरलं आणि छतावर म्हाताऱ्याने तिचा हात धरला. पहिल्या जिन्यात तिने तीनदा घाई केली. तीनदा हात सुटला, म्हातारा थांबला, मागे वळून हात पुढे करून उभा राहिला. वहिनीने डोळे माझ्याकडे फिरवले. कापूस नसता तर रांगेबद्दल काहीतरी निघालं असतं. चौथ्यांदा मात्र तिने पावलं आवरली. म्हाताऱ्याच्या चालीने चालू लागली. तीन पायऱ्या, श्वास. तीन पायऱ्या, श्वास. त्या श्वासाचा आवाज दवाखान्यात ऐकू येत होता. मी दार लावून घेतलं.

मग ती खिडकी आली आणि रिकामी कुंडी. म्हातारा थांबला आणि कुंडीकडे बघू लागला. ट्रेलरमध्ये वहिनी इथेच हसली होती. आता हसली नाही. म्हाताऱ्याचा खांदा वरखाली होत होता आणि चेहरा कुंडीकडे होता, म्हणजे आपल्याला धाप लागलीय हे दुसऱ्याला दिसू नये. मला आठवलं, शेजारीण एकदा म्हणाली होती की तुमच्या बाबांना आमच्या दारावरची पाटी फार आवडायची, रोज थांबून वाचायचे. त्या पाटीवर नुसतं आडनाव आहे.

पुढचा जिना. सहा, सात, आठ. नवव्या पायरीच्या आधी म्हाताऱ्याचा पाय हवेत चाचपडला. आणि वहिनीच्या तोंडातून कापूस पडला.

“बाबा, मोठी आली,” ती म्हणाली. “मला धरा. मोठी आली.”

ती काय बोलली हे तिलाच आधी कळलं नसावं. अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, घाईत, कामाची बाई बोलते तसं. तिने कंट्रोलर छातीवर ठेवलं आणि डावा हात वर केला.

बटण सुटलं होतं. छतावर म्हातारा नवव्या पायरीच्या तोंडाशी उभा राहिला, हात पुढे करून, वाट बघत.

मी ते शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. चार वर्षं रोज संध्याकाळी ते या जिन्यात बोलले जात होते आणि मी रविवारी फोनवर झकास ऐकत होते. मला लाज वाटली. दुसरं काही नाही, सरळ लाज वाटली. आणि दगड म्हणून जिला नावं ठेवली तिचा वर केलेला हात हातात घ्यावासा वाटला. पण दवाखान्यात एक पद्धत असते. मी विचारलं, “दुखतंय?”

वहिनीने हो म्हणून मान हलवली.

“थांबायचं?”

तिने नाही म्हणून मान हलवली, हात खाली आणला आणि बटण पुन्हा दाबलं. स्टुलावर फरशीवाला डोळे पुसत होता. अर्धा चेहरा बधीर असल्यामुळे तो एकाच बाजूने रडत होता, आणि ते दिसायला इतकं विचित्र होतं की मलाच रडताना हसू फुटलं.

त्यानंतर वहिनीने त्याचं रूट कॅनल पूर्ण केलं. टीव्ही बंद. पाऊण तास ती एक शब्द बोलली नाही. मी बाहेर बसून घड्याळ बघत होते, असं कधी घडलेलं नव्हतं. पेशंटच घाबरला असावा.

शेवटी हातमोजे काढताना ती म्हणाली, “फूटपट्टीचं मी मागे घेते. पायऱ्यांना हात लावू नका. रांगेचं मागे घेणार नाही. पहिला जिना लांबच आहे, तिथेच लोक सोडून जातील. आणि आजोबांची वरची कवळी बोलताना हलते. ते मुद्दाम केलंय की चुकून?”

“उद्दाव,” तो म्हणाला.

“त्यांना आणायचं होतं ना मग माझ्याकडे,” ती रागाने म्हणाली. “एका दिवसात घट्ट करून दिली असती.”

आठवड्याने घोषणा परत झाली. पहिला जिना चार पायऱ्यांनी कमी झाला होता. तेव्हापासून आमच्याकडे भूल घेतलेला प्रत्येक माणूस ‘सावकाश’ बघतो आणि तो सगळ्यांना आवडतो, कारण सगळे ‘आँ’ म्हणतात. दोघातिघांनी तर बरे झाल्यावरही फोन करून नाव विचारलं.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दवाखाना बंद केला आणि वर निघालो. नेहमीसारखी ती पुढे, मी मागे, हातात केस पेपरची पिशवी. पहिला जिना झाला. दुसऱ्या जिन्यात सहाव्या पायरीवर ती थांबली. वळली. माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि मोकळा हात माझ्यापुढे केला.

“वन्सं,” ती म्हणाली, “मोठी आली.”